रद्द झालेलं कलम ६६-अ अजून लोकांना घाबरवतं कसं?

आपल्या पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याचा सूर तसाच ठेवलाय, फक्त अडखळणं तेवढं काढलंय.

गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला माझ्या मावसभावाचा फोन आला. "दादा, मला अटक होईल का रे?" झालं असं, की गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याने लिहिलं होतं, नळाला चार दिवस पाणी नाही आणि जबाबदार मंडळी लग्नांमधून सत्कार घेत फिरतायत. त्यावर ग्रुपमधल्या एका वजनदार माणसाने कायद्याच्या पुस्तकातल्या पानाचा फोटो टाकला. कलम ६६-अ. खाली एकच ओळ: "तीन वर्षं आत जाशील." भावाने मेसेज डिलीट केला, वर माफीही मागितली.

मी तो फोटो झूम करून वाचला. कलम अगदी खरं होतं. फक्त ते २०१५ मध्येच रद्द झालंय.

मुळात हे कलम काय होतं? आपला माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. २००८ च्या दुरुस्तीने त्यात ६६-अ घुसलं आणि २००९ मध्ये लागू झालं. कॉम्प्युटर किंवा मोबाइलवरून "अत्यंत आक्षेपार्ह" मजकूर पाठवला, किंवा खोटं आहे हे माहीत असूनही कुणाला त्रास, गैरसोय व्हावी म्हणून काही पाठवलं, तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. आता आक्षेपार्ह म्हणजे नेमकं काय? त्रास म्हणजे किती त्रास? व्याख्याच नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर फंक्शन लिहिलंय, पण इनपुट काय घ्यायचं हे समोरच्याच्या मूडवर सोडलंय.

याची झळ महाराष्ट्राने जवळून पाहिली. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. पालघरच्या एका तरुणीने त्या बंदबद्दल फेसबुकवर पोस्ट लिहिली आणि तिच्या मैत्रिणीने ती लाइक केली. दोघींनाही अटक झाली. लाइक करणारीलासुद्धा! देशभर ओरड झाली. श्रेया सिंघल ही कायद्याची विद्यार्थिनी सुप्रीम कोर्टात गेली.

२४ मार्च २०१५ ला निकाल आला. न्यायमूर्ती चेलमेश्वर आणि न्यायमूर्ती नरिमन यांच्या खंडपीठाने ६६-अ पूर्णच्या पूर्ण घटनाबाह्य ठरवलं. मुद्दा साधा होता. एखाद्या विषयावर चर्चा करणं, एखादं मत हिरीरीने मांडणं आणि लोकांना चिथावणी देणं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोन कुणाला कितीही झोंबल्या तरी त्यांना संविधानाच्या कलम १९(१)(अ) चं संरक्षण आहे. सरकारला हात घालता येतो तो चिथावणीपाशी.

मग विषय संपायला हवा होता. नाही संपला. २०१९ मध्ये कोर्टाला सांगावं लागलं, की निकालाच्या प्रती सगळ्या हायकोर्टांना आणि राज्यांच्या मुख्य सचिवांना पाठवा, म्हणजे खालची कोर्टं आणि पोलिसांपर्यंत त्या पोहोचतील. २०२१ मध्ये पीयूसीएल ही संघटना आकडे घेऊन पुन्हा कोर्टात गेली: ११ राज्यांत मिळून ७४५ खटले अजून चालू. म्हणजे निकालाला सहा वर्षं होऊनही!

असं का होतं? सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळेल. तुम्ही सर्व्हरवर बग दुरुस्त केला, पण लोकांच्या फोनमध्ये ॲपची जुनी आवृत्तीच आहे आणि ऑटो-अपडेट बंद. कायद्याला तर ऑटो-अपडेट नसतंच. कोर्टाने कलम रद्द केलं तरी छापील पुस्तकातून ते आपोआप पुसलं जात नाही. तेव्हाचे ॲटर्नी जनरल वेणुगोपाल यांनी कोर्टात हेच सांगितलं, की पुस्तकात कलम तसंच दिसतं आणि ते रद्द झाल्याचं खाली तळटीपेत असतं. घाईतला माणूस तळटीप वाचतो का? माझ्या भावाला आलेल्या फोटोत तर पानाचा तळ कापलेलाच होता.

शेवटी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट आदेश दिला. ६६-अ खाली कुणावरही खटला चालवायचा नाही. चालू प्रकरणांतून ते कलम काढायचं. आणि या कायद्याचं पुस्तक कुणीही छापो, हे कलम रद्द झाल्याचं वाचकाला सांगायचं.

आता एक इशारा. ६६-अ गेलं म्हणजे ऑनलाइन काहीही लिहायला रान मोकळं झालं, असं नाही. बदनामी, दोन गटांत तेढ लावणं, धमकी देणं यांसाठी भारतीय न्याय संहितेत कलमं आहेत. दुसऱ्याच्या नावाने फसवणूक, खासगी फोटो पसरवणं, अश्लील मजकूर यांसाठी आयटी कायद्यातच वेगळी कलमं आहेत, आणि ती चालू आहेत. एफआयआरमध्ये ६६-अ सोबत दुसरी कलमं असतील, तर फक्त ६६-अ गळतं. बाकीचं प्रकरण उभं राहतं.

म्हणून कुणी कलम दाखवून घाबरवलं तर काय करायचं?

एक, मेसेज डिलीट करण्याआधी आपल्या पोस्टचा आणि धमकीचा, दोन्हींचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

दोन, पोलिसांची नोटीस आली तर ती टाळू नका. त्यात कोणती कलमं लिहिलीत ते नीट वाचा आणि वकिलाला दाखवा. ६६-अ दिसलं तर श्रेया सिंघल निकाल आणि २०२२ चा आदेश, दोन्हींची प्रत सोबत न्या.

तीन, गुन्हा दाखल झालाच तर तो रद्द करून घेण्यासाठी हायकोर्टात जाता येतं.

मला सगळ्यात जास्त टोचतं ते वेगळंच. भावाच्या बाबतीत एफआयआर झाली नाही, नोटीस आली नाही, पोलिसांना पत्ताही नव्हता. तरी मेसेज गेला, माफी आली, ग्रुप गप्प झाला. मेलेल्या कलमाने नुसत्या फोटोवर काम करून दाखवलं. आकडेवारीत हे कुठेच येत नाही.

मी त्याला निकालाची पीडीएफ पाठवली. तो म्हणाला, "दादा, आता परत ग्रुपवर टाकायची हिंमत नाही रे."

म्हणून हा भाग. तुमच्या गावच्या, सोसायटीच्या ग्रुपवर कुणी हे कलम फेकलं, तर तिथे एवढंच लिहा: "२४ मार्च २०१५ ला रद्द झालंय." भेटू पुढच्या भागात.