सोफ्यातला ब्रोमीन, शेतातला गाळ

सोफ्याच्या फोमने चटकन पेट घेऊ नये म्हणून अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियाच्या 1975च्या नियमानंतर, त्यात पीबीडीई ही ब्रोमीनयुक्त रसायने सर्रास मिसळली गेली. फोमशी त्यांचा रासायनिक बंध नसतो. ती हळूहळू सुटतात, धुळीत उतरतात, कपड्यांना चिकटतात आणि धुण्याच्या पाण्याबरोबर गटारात जातात. पाण्यात ती जवळजवळ विरघळत नाहीत, त्यामुळे प्रक्रिया केंद्रातून पाणी पुढे जाते आणि ही रसायने गाळात राहतात. अमेरिकेतला जवळपास निम्मा गाळ खत म्हणून जमिनीवर पसरतात. पण 1993च्या संघीय नियमांनी त्यातल्या रसायनांपैकी शिसे, कॅडमियम अशा धातूंनाच मर्यादा घातली, ज्वालारोधकांना नाही. मला हे उलटे वाटते. घराघरांत काय झिजते आहे, याचा गाळाइतका प्रामाणिक हिशेब दुसरीकडे क्वचितच सापडेल.

हा हिशेब मांडणे मात्र जिकिरीचे. मात्रा किलोमागे मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे अब्जात एक भाग अशा हिशेबात, आणि गाळ तर तेल, चरबी, गंधक यांनी बरबटलेला. म्हणून गाळ वाळवून त्यात आधीच जड कार्बनचे तेच रसायन मोजून घालतात. द्रावकाने अर्क काढून तो शुद्ध करेपर्यंत, घातलेल्या शंभर भागांपैकी साठच हाती लागले, तर गाळातल्या मूळ रसायनाचेही चाळीस टक्के वाटेत गेले असे समजते आणि आकडा तेवढा दुरुस्त करता येतो. प्रयोगशाळेतल्या खुर्च्या-संगणकांतही हीच रसायने असल्याने गाळ न घालता सगळी प्रक्रिया करून ‘कोरी चाचणी’ घ्यावीच लागते. पीबीडीईंपैकी डेका-बीडीई प्रकाशाने आणि उष्णतेने मोडते, त्यासाठी तपकिरी काच आणि वायू-वर्णलेखनाचा आखूड स्तंभ वापरतात. इतकी पथ्ये पाळलेला आकडा नुसता अंदाज म्हणून झटकून टाकता येत नाही.

‘अब्जात काही भागांनी काय बिघडते?’ असे कोणी विचारेल. 2001 मध्ये संशोधक रॉबर्ट हेल आणि सहकाऱ्यांना अमेरिकी गाळात पेंटा-बीडीई हे दुसरे पीबीडीई किलोमागे 1100 ते 2290 मायक्रोग्रॅम आढळले. असा गाळ त्याच शेतात वर्षानुवर्षे पडतो आणि ही रसायने सहज कुजत नाहीत. स्वीडनमध्ये 1972 ते 1997 या काळात आईच्या दुधातले त्यांचे प्रमाण दर पाच वर्षांनी सुमारे दुप्पट होत गेले. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: बंदी आली, आता मोजायचे कशाला? पेंटाचे अमेरिकी उत्पादन 2004च्या अखेरीस थांबले. त्यानंतर, 2006-07 मध्ये, अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 74 केंद्रांतून घेतलेल्या 84 नमुन्यांपैकी जवळपास सर्वांत पेंटाचे घटक होते. बंदीने कारखाना थांबतो, घरातला जुना सोफा आणि टीव्ही झिजतच राहतात. शिवाय बंदी घातलेल्याच्या जागी आलेली नवी रसायनेही शोधावी लागतात.

भारताने 2018च्या नियमांनी टेट्रा ते हेप्टा-बीडीईंवर बंदी घातली, त्या यादीत डेका नव्हते. आपल्या महापालिकांनी शेतकऱ्याला गाळ देण्याआधी या रसायनांची चाचणी करावी आणि आकडे जाहीर करावेत.