पेशीच्या पोटातील लोह कसे मोजतात?

मोहरीचा एक दाणा वाण्याच्या तराजूत टाकला तर काटा जागचा हलत नाही. मग त्या दाण्याहून कितीतरी लहान अशा पेशीच्या पोटात लोह किती, हे कसे बरे कळावे?

हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही. उपचारासाठी शरीरात सोडलेल्या पेशी कोठे पोचल्या हे पाहण्यासाठी शास्त्रज्ञ त्यांना आधी लोहाच्या ऑक्साइडचे नॅनोकण ‘खाऊ’ घालतात. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. या कणांचा गाभा बहुधा ५ ते १० नॅनोमीटर व्यासाचा असतो. कणांनी भरलेल्या पेशींची जागा एम. आर. आय. चित्रात काळी दिसते. लोह कमी पडले, तर ही खूण दिसत नाही. फार झाले, तर सुटे झालेले लोह पेशीलाच इजा करू शकते. म्हणून मोजमाप अचूक हवे.

जर्मन वैद्यक माक्स पेर्ल्स यांनी १८६७ मध्ये एक सोपी परीक्षा सांगितली. पेशींवर हायड्रोक्लोरिक आम्ल व पोटॅशियम फेरोसायनाइड यांचे मिश्रण घातले, की फेरिक लोह असेल तेथे गडद निळा रंग येतो. सूक्ष्मदर्शकातून पाहताच लोह कोठे आहे ते समजते. परंतु किती आहे, ते मात्र नेमके समजत नाही.

त्यासाठी युक्ती अशी. एक पेशी घेण्याऐवजी मोजून १० लाख पेशी घ्यायच्या. त्या नीट धुवायच्या, कारण बाहेर चिकटलेले कणही हिशेबात येतील. मग आम्लात पेशी आणि कण दोन्ही विरघळवायचे. आता द्रावणात जीवनसत्त्व ‘क’ घालतात. त्यामुळे फेरिक लोहाचे फेरस लोह होते. त्याच्याशी फेरोझीन नावाच्या रसायनाचा संयोग होऊन सुंदर किरमिजी रंग येतो. ही पद्धत अमेरिकेतील स्टूकी यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केली.

लोह जितके जास्त, तितका रंग गडद. ५६२ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश द्रावणातून सोडून त्यातील किती शोषला गेला ते यंत्राने पाहतात. लोहाचे प्रमाण ठाऊक असलेल्या द्रावणांशी तुलना केली, की उत्तर मिळते.

पण थांबा! हे सारे लोह कणांचेच कशावरून? पेशीजवळ स्वतःचेही लोह असते. फेरिटिन या प्रथिनाच्या एकाच रेणूत लोहाचे सुमारे ४,५०० अणू मावतात! म्हणून कण न दिलेल्या तितक्याच पेशींची तशीच परीक्षा करून तो आकडा वजा करावा लागतो.

समजा, कण दिलेल्या १० लाख पेशींत १०.५ मायक्रोग्रॅम लोह निघाले आणि न दिलेल्या पेशींत ०.५. वजाबाकी १० मायक्रोग्रॅम. तिला १० लाखांनी भागा. दर पेशीस १० पिकोग्रॅम! पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग.

मात्र ही सरासरी झाली. काही पेशींनी भरपूर कण गिळले असतील, तर काही उपाशीच राहिल्या असतील. तो भेद पेर्ल्स यांचा निळा रंगच दाखवतो. म्हणून शास्त्रज्ञ दोन्ही परीक्षा करतात. एक सांगते ‘किती’, दुसरी सांगते ‘कोठे’.