'पोसादा' : एका स्पॅनिश शब्दाची ओळख

परभाषेतील शब्दाचा अर्थ शब्दकोशात सापडतो. परंतु लोक तो शब्द कोणत्या प्रसंगी उच्चारतात हे कळल्याखेरीज त्याची खरी ओळख होत नाही. 'पोसादा' हा असाच एक स्पॅनिश शब्द आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हे स्त्रीलिंगी नाम आहे. एकवचनी 'ला पोसादा', अनेकवचनी 'लास पोसादास'. त्याचा मूळ अर्थ प्रवाशाने उतरण्याची जागा, सराई. ते 'पोसार' या क्रियापदापासून बनले असून त्याच्यामागे थांबणे, विसावणे या अर्थाचे लॅटिन 'पाउसारे' हे क्रियापद आहे. पाखरू फांदीवर उतरते तेव्हाही स्पॅनिश भाषक 'पोसार्से' असेच म्हणतात. लूककृत शुभवर्तमानातील येशूजन्माच्या वृत्तांतात आपल्या मराठी बायबलने 'उतारशाळा' हा शब्द योजिला आहे. 'उतरणे'वरून उतारशाळा, 'पोसार'वरून पोसादा : दोन्ही भाषांनी जणू एकाच वाटेने विचार केला! काही स्पॅनिश अनुवादांत त्या ठिकाणी 'मेसोन' आहे, तर काहींत 'पोसादा'च आहे.

आता वापर पाहू. 'पेदिर पोसादा' म्हणजे आसरा मागणे आणि 'दार पोसादा' म्हणजे आसरा देणे. ख्रिस्तसभेने शिकविलेल्या दयेच्या शारीरिक कृत्यांपैकी एक स्पॅनिश धर्मशिक्षणात 'दार पोसादा आल पेरेग्रिनो', अर्थात वाटसरूला आसरा देणे, असे शिकविले जाते.

मेक्सिकोमध्ये या शब्दाला आणखी एक अर्थ लाभला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस मेक्सिको शहराजवळील आकोल्मान येथील ऑगस्टिनियन धर्मगुरूंनी नाताळपूर्व नऊ दिवसांच्या मिस्सांची प्रथा सुरू केली. पोप सिक्स्टस पाचवे (कारकीर्द १५८५–१५९०) यांनी तिला अनुमती दिली होती. तिच्यातूनच १६ ते २४ डिसेंबरदरम्यान साजरा होणारा 'लास पोसादास' हा लोकोत्सव वाढला. पवित्र मरिया व संत योसेफ यांच्या मूर्ती घेऊन, मेणबत्त्या लावून लोक घरोघरी जातात. बाहेर उभे असलेले गीतातून आसरा मागतात. आत असलेले गीतातूनच नकार देतात. अखेरीस पाहुणे कोण हे उमगते, दार उघडते आणि सर्वांना आत घेतले जाते. मग प्रार्थना, खाऊ आणि पिन्याता फोडण्याचा आनंद! पिन्याताची सात टोके सात प्रमुख पापांची प्रतीके मानली जातात.

शब्दांचा अर्थ काळानुसार पसरतो, तसा पातळही होतो. आज मेक्सिकोत कचेरीतल्या डिसेंबरमधील मेजवानीलाही 'पोसादा' म्हणतात. तेथे आमंत्रितांनाच प्रवेश असतो. जो शब्द अनोळखी माणसासाठी दार उघडण्यास शिकवीत होता, तो अशा वेळी ओळखीच्यांपुरता उरतो. दुसरीकडे, त्याच देशातून उत्तरेकडे निघालेल्या स्थलांतरितांना ख्रिस्तसभेच्या निवाऱ्यांत जेव्हा एक रात्र डोके टेकायला मिळते, तेव्हा जुना अर्थ पुन्हा जिवंत होतो.

या उत्सवातील एक गोष्ट आम्हांला विशेष भावते. त्यात भक्तांचे दोन गट असतात आणि नकार देणारेही भक्तच असतात. ते सैतानाची भूमिका करीत नाहीत; रात्री अवेळी दार वाजले की सावध होणाऱ्या तुमच्याआमच्यासारख्या गृहस्थांची करतात. आपल्या इमारतीत, आपल्या वाडीत भाड्याने जागा विचारीत आलेल्या परक्या कुटुंबाला आपण काय उत्तर देतो, हे ज्याचे त्याने आठवावे.

स्पॅनिशमध्ये 'दार' म्हणजे देणे. मराठी कानाला मात्र 'दार पोसादा' या शब्दांत घराचे दारच ऐकू येते. हा केवळ ध्वनीचा योगायोग आहे; परंतु शब्द लक्षात ठेवण्यास तो पुरेसा आहे. आगमनकाळात गोठा सजविताना हे दोन शब्द आपल्या स्मरणात राहोत, आणि आपले दारही उघडे राहो.