सायबर हल्ल्यांना सरकारचे उत्तर: कॉसमॉस बँक प्रकरणाचा धडा

पुण्यातील कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेल्या सायबर हल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये लंपास झाले. ११ ऑगस्ट रोजी बनावट कार्डांच्या साहाय्याने २८ देशांतील एटीएम केंद्रांतून सुमारे ७८ कोटी, तर भारतातून सुमारे अडीच कोटी रुपये काढण्यात आले. १३ ऑगस्ट रोजी आणखी सुमारे १४ कोटी रुपये ‘स्विफ्ट’ या आंतरराष्ट्रीय संदेशप्रणालीद्वारे हाँगकाँगमधील खात्यात वळविण्यात आले.

एटीएममध्ये कार्ड घातल्यावर खात्यात पैसे आहेत का, अशी विचारणा बँकेच्या मुख्य संगणकप्रणालीकडे जाते. हल्लेखोरांनी या वाटेवरच बनावट यंत्रणा उभी केली. ती परस्पर मंजुरी देत राहिली. खातेदारांच्या शिलकेला त्यामुळे धक्का लागला नाही. तोटा बँकेला सोसावा लागला.

त्याच वर्षी फेब्रुवारीत तमिळनाडूतील सिटी युनियन बँकेतूनही स्विफ्टमार्गे परदेशी पैसे पाठविण्याचा प्रकार घडला होता. रिझर्व्ह बँकेने व्यापारी बँकांसाठी जून २०१६ मध्येच सायबर सुरक्षेचे नियम घालून दिले होते. नागरी सहकारी बँकांसाठी मूलभूत नियम आले ते ऑक्टोबर २०१८ मध्ये, म्हणजे पुण्यातील हल्ल्यानंतर. डिसेंबर २०१९ मध्ये या बँकांचे चार स्तर करण्यात आले. त्यासाठी डिजिटल सेवांचा विस्तार हा निकष ठरला.

केंद्र सरकारची ‘सर्ट-इन’ ही संस्था २००४ पासून कार्यरत आहे. तिच्या एप्रिल २०२२ मधील आदेशानुसार सायबर घटनेची माहिती सहा तासांत कळविणे आणि संगणकीय नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक आहे. माहिती वेळीच मिळाली, तर इतर संस्थांना सावध करता येते.

कॉसमॉस प्रकरणी पुण्यातील न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये ११ जणांना दोषी ठरविले. मात्र संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये या हल्ल्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला होता. तेथील सूत्रधारांपर्यंत भारतीय कायद्याचा हात पोहोचणे कठीण आहे.

दरम्यान, बँकेच्या यंत्रणेऐवजी थेट नागरिकांनाच धमकावून लुबाडण्याचे प्रकार वाढले आहेत. ‘डिजिटल अटक’ अशी कोणतीही तरतूद कायद्यात नाही, असे सरकारने वारंवार स्पष्ट केले आहे. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. पैसे पुढे वळविले जाण्यापूर्वी ते गोठविता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते.