रिकामा उतार कुठे मिळेल?

बर्फावर स्की शिकायला मुलांना घेऊन जाणे ही आपल्याकडच्या मध्यमवर्गीय मुस्लिम कुटुंबांसाठी आता पूर्वीसारखी अशक्य गोष्ट राहिलेली नाही. श्रीनगरला विमाने जातात आणि चार-पाच कुटुंबे मिळून बेत आखतात. परतल्यावर मात्र बहुतेकांची एकच तक्रार असते : "बर्फ कमी आणि माणसेच जास्त!" आमचीही होती. म्हणून जे आधी कळायला हवे होते ते इथे लिहिते आहे.

आमच्या मुलीला हे वेड लागले ते २०२२ मध्ये. त्या वर्षी बीजिंगच्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताचा एकच खेळाडू होता, आरिफ खान. हा गुलमर्गच्या पायथ्याशी असलेल्या टंगमर्ग भागातला मुलगा. वडिलांचे गुलमर्गमध्ये स्कीच्या सामानाचे दुकान, आणि चौथ्या वर्षापासून पायात स्की. उद्घाटन सोहळ्यात तिरंगा त्याच्या हाती होता. जायंट स्लॅलम शर्यतीत तो ४५ वा आला. मुलीच्या लेखी तो पहिलाच आला होता!

दोन वर्षे पैसे साठवून आम्ही गुलमर्गला गेलो, नाताळच्या सुट्टीत. महाराष्ट्रातल्या शाळांना दिवाळीची आणि उन्हाळ्याची अशा दोनच मोठ्या सुट्ट्या असतात आणि दोन्हींत तिथे स्की करण्यासारखा बर्फ नसतो. राहता राहिली नाताळची सुट्टी. पण हाच विचार सगळ्या देशाने केलेला असतो, हे आम्हाला तिथे पोहोचल्यावर उमगले.

गुलमर्गच्या मैदानालगतचा जो सौम्य उतार शिकाऊंसाठी चांगला, तिथेच स्लेजगाड्या ओढणारे, फोटो काढणारे, मुलांना बर्फात खेळवणारे, सगळे एकत्र. दुसऱ्या दिवशी मुलगी उताराच्या मध्यावर पडली होती आणि उठायचा प्रयत्न करत होती. मागून एक तरुण वेगात आला. त्यालाही थांबता येत नव्हते. मुलीच्या मनगटाच्या हाडाला चीर गेली. मनगट सहा आठवड्यांत बरे झाले, पण "अम्मी, पुन्हा तिथे जायचे नाही" हे तिने वर्षभर म्हटले. ज्या गोष्टीची तिने दोन वर्षे वाट पाहिली, तिचीच तिला भीती बसली होती आणि ती तारीख मी निवडली होती.

गर्दी नको म्हणजे काय?

गर्दी टाळणे ही श्रीमंतांची हौस आहे असे मला आधी वाटायचे. तसे नाही. शिकाऊ माणसाला वळता येत नाही, थांबता येत नाही. स्कीची पुढची टोके जवळ आणि मागची दूर ठेवून वेग आवरायचा, एवढे अंगवळणी पडायलाच दोन-तीन दिवस जातात. तेवढे दिवस त्याच्या पुढे-मागे मोकळी जागा हवीच.

दुसरे कारण आपल्या घरांतल्या मुलींचे. हिजाब बांधलेली मुलगी धडपडत स्की शिकते आहे म्हटल्यावर अनोळखी लोक मोबाइल काढतात. आमच्या मुलीचे अर्धे लक्ष पायांकडे आणि अर्धे त्या मोबाइलकडे असायचे. चारचौघांत पडायची लाज वाटली की शरीर आखडते आणि आखडलेले शरीर जास्त पडते. माणसे कमी असली तर मुलगी हसत पडते आणि हसत उठते.

रांग आणि उतार वेगवेगळे

गर्दीचा अंदाज घेताना आपण एक चूक करतो. गंडोलाची रांग पाहून उतारांवरही तेवढीच गर्दी असेल असे मानतो. गुलमर्गचा गंडोला दोन टप्प्यांचा आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटरवर असलेल्या गुलमर्गहून कोंगडूरी हा पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला. तिथून अफरवट शिखराजवळ, जवळजवळ ३,९५० मीटरपर्यंत जाणारा दुसरा टप्पा २००५ मध्ये आला. सहा-सहा जणांच्या डब्यांतून तासाला सुमारे ६०० माणसे वर जातात. सुट्टीत हजारो पर्यटक आले की रांग लागणारच. पण त्या रांगेतले बहुतेक लोक वर जाऊन बर्फ पाहून परत येणारे असतात, स्की करणारे नव्हेत.

म्हणून पहिली गोष्ट : नवशिक्याला पहिले काही दिवस गंडोला लागतच नाही. त्याला हवा खालचा सौम्य उतार, छोटी ओढलिफ्ट आणि चांगला शिक्षक. गंडोलाची तिकिटे ऑनलाइन मिळतात. एक दिवस वरून दृश्य पाहण्यासाठी ठेवावा आणि बाकीचे दिवस त्या रांगेचे नावही काढू नये.

उलट खालचा उतार सकाळी लवकर रिकामा असतो. पर्यटकांच्या गाड्या श्रीनगरहून टंगमर्गमार्गे चढून येईपर्यंत उन्हे वर आलेली असतात. श्रीनगर ते गुलमर्ग अंतर पन्नासेक किलोमीटर, त्यातला टंगमर्गपासूनचा शेवटचा १३ किलोमीटरचा घाट बर्फ पडल्यावर चाकांना साखळ्या लावूनच चढावा लागतो. त्यामुळे मुक्काम श्रीनगरला न ठेवता गुलमर्गमध्येच ठेवला तर सकाळचे पहिले दोन-तीन तास आपले असतात. हॉटेल महाग पडते हे खरे. आम्ही सात दिवसांऐवजी पाच दिवस राहिलो, पण वर राहिलो.

तारखा कशा निवडाव्यात?

काश्मिरी लोक हिवाळ्याचे तीन भाग करतात. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा चिल्लई कलां, मग वीस दिवसांचा चिल्लई खुर्द आणि शेवटी दहा दिवसांचा चिल्लई बच्चा. स्कीसाठी चांगला, खोल बर्फ साधारणपणे जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत असतो. म्हणजे नाताळ-नववर्षाला गर्दी सर्वांत जास्त आणि बर्फाची खात्री कमी! आम्ही नेमके तेच निवडले होते.

टाळायचे दिवस असे : २२ डिसेंबर ते ५ जानेवारी, २६ जानेवारीला जोडून येणारी सुट्टी आणि सगळे शनिवार-रविवार. सोमवार ते गुरुवार सर्वांत निवांत. बर्फाची मात्र हमी कोणीच देऊ शकत नाही. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्ग जवळजवळ कोरडे होते. २०२५ मध्ये बर्फ नसल्यामुळे तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा पुढे ढकलून मार्चमध्ये घ्याव्या लागल्या. म्हणून तारीख बदलता येईल असे बुकिंग घ्यावे, त्यासाठी थोडे जास्त पैसे पडले तरी चालतील.

आपल्यासाठी आणखी एक हिशोब आहे, तो पर्यटन कंपन्यांच्या माहितीपत्रकात नसतो. रमजान आता हिवाळ्यात येतो आहे. चंद्रदर्शनावर एखादा दिवस पुढे-मागे होईल, पण २०२७ मध्ये रमजान फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि २०२८ मध्ये जानेवारीच्या अखेरीस सुरू होईल. रोजा ठेवून उंचावरच्या थंडीत दिवसभर घाम गाळणे मुलांच्या बाबतीत तरी शहाणपणाचे नाही, आणि प्रवासाची सवलत आहे म्हणून सहलीसाठी रोजे मागे टाकणे मनाला पटत नाही. तेव्हा २०२७ साठी जानेवारीचा दुसरा पंधरवडा बरा, फक्त २६ तारखेची गर्दी सांभाळावी. २०२८ मध्ये ईदनंतर, मार्चच्या सुरुवातीला जाता येईल. मात्र दहावी-बारावीची मुले घरात असतील तर ते वर्ष सोडून द्यावे.

रिकाम्या उताराचे दोन प्रकार

दुसऱ्या खेपेला आम्ही फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात गेलो. मी रजा टाकली, मुलीची शाळा पाच दिवस बुडाली. आम्हाला साठीच्या घरातले एक स्थानिक शिक्षक मिळाले, सगळे त्यांना चाचा म्हणत. तिसऱ्या दिवशी मी दूरच्या एका स्वच्छ, पांढऱ्याशुभ्र उताराकडे बोट दाखवून विचारले, "चाचा, तिथे तर कोणीच नाही. मुलीला तिकडे का नेत नाही?"

ते म्हणाले, "बाजी, उतार रिकामा असतो दोन कारणांनी. एक, लोकांना माहीत नसतो. दुसरे, लोकांना चांगला माहीत असतो."

अफरवटचे वरचे उतार जगभरातल्या स्कीपटूंना आवडतात कारण तिथला बर्फ न दाबलेला, भुसभुशीत असतो. पण त्याच उतारांवर हिमस्खलन होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथे दोन पोलिश स्कीपटूंचा आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये एका रशियन स्कीपटूचा हिमस्खलनात मृत्यू झाला. हे लोक नवशिके नव्हते. गुलमर्गमध्ये स्की गस्त पथक आहे. कोणता भाग उघडा, कोणता बंद हे ते ठरवते. दोरी बांधून बंद केलेला उतार कितीही मोकळा दिसला तरी तो आपला नाही. मोकळी जागा तारीख आणि वेळ निवडून मिळवावी, दोरी ओलांडून नव्हे.

उतारावरचे शिष्टाचारही मुलांना आधी शिकवावेत. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे दहा नियम आहेत. त्यांचे सार असे : पुढच्या माणसाला सांभाळण्याची जबाबदारी मागून येणाऱ्याची. अरुंद जागी किंवा वळणाआड, जिथे वरून येणाऱ्याला आपण दिसत नाही तिथे, थांबू नये. पडलो तर लवकर कडेला व्हावे. अपघात दिसला तर मदत करावी. वाटेचा हक्क आपल्या दीनने शिकवलेलाच आहे, इथे वाट बर्फाची आहे एवढेच.

नमाज, कपडे, जेवण

काश्मीरमध्ये हलाल जेवणाची चिंता नाही. गुलमर्गमध्ये मशीद आहे. प्रश्न येतो तो वजूचा. स्कीचे बूट काढणे-घालणे म्हणजे दहा मिनिटांची कसरत आणि पाणी बर्फासारखे गार. आम्ही सकाळी खोलीवर गरम पाण्याने पूर्ण वजू करून मग पायांत चामड्याचे मोजे चढवायचो. मोज्यांवर मसह करण्याची मुभा प्रवाशाला तीन दिवस-तीन रात्री आहे. पण कोणत्या मोज्यांवर चालते आणि कसर किती दिवसांपर्यंत, याचे तपशील हनफी आणि शाफई मसलकांत वेगळे आहेत. कोकणातली घरे बहुतांशी शाफई, देशावरची हनफी. निघण्यापूर्वी आपल्या आलिमांना विचारून घ्यावे. जोहरला दुपारी उतारावरून खाली यावे, त्या निमित्ताने जेवण आणि विश्रांतीही होते. थकलेल्या पायांनी केलेल्या शेवटच्या फेरीतच अपघात होतात.

स्की, बूट आणि काठ्या भाड्याने मिळतात. हातमोजे, गॉगल आणि पाणी न शिरणारी पँट आपली न्यावी. मुलींसाठी पिनांचा ओढणी-हिजाब नको. डोक्याला घट्ट बसणारा, बिनपिनांचा हिजाब आणि त्यावर हेल्मेट. हेल्मेट नसेल तर त्या दिवशी उतारावर जाऊ नये.

दुसरे पर्याय

उत्तराखंडमधल्या औलीचा उतार रुंद आणि शिकाऊंसाठी चांगला आहे. २०२३ च्या जानेवारीत जोशीमठची जमीन खचू लागल्यावर तिथला रोपवे बंद ठेवण्यात आला, म्हणून रस्त्याने जावे लागते. हलाल मांसाहाराचा भरवसा नसल्याने तिथे शाकाहारावर राहायची तयारी ठेवावी. मनालीजवळचे सोलंग नववर्षाच्या आठवड्यात अजिबात नको. सोनमर्गला १३ जानेवारी २०२५ रोजी बोगद्याचे उद्घाटन झाल्यापासून हिवाळ्यातही पोहोचता येते, पण स्की शिकण्याच्या सोयी गुलमर्गमध्येच जास्त आहेत. केंद्र सरकारची स्की आणि गिर्यारोहण संस्थाही तिथेच आहे. तिच्या अभ्यासक्रमात शिस्त असते आणि खर्चही आटोक्यात राहतो.

ज्यांचे नातेवाईक आखातात आहेत त्यांच्यासाठी दुबईतला छताखालचा बर्फाचा उतार २००५ पासून आहे. मुलाला हे जमेल का, आवडेल का, हे तिथे दोन तासांत कळते. तुर्कस्तानला जाणाऱ्यांनी इस्तंबूलजवळच्या उलुदागऐवजी कायसेरीच्या एर्जियसचा किंवा एर्झुरुमच्या पालांडोकेनचा विचार करावा आणि तिथल्या शाळांची जानेवारीअखेरची सुट्टी टाळावी. कुठेही जा, नियम एकच : आपली सुट्टी पाहण्याआधी यजमान देशाची सुट्टी पाहावी.

२०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामला जे घडले त्यानंतर काश्मीरला जावे का, असे अनेक जण विचारतात. निघण्यापूर्वी सरकारी सूचना पाहाव्यात, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचे मन राजी नसेल तर थांबावे. मी एवढेच सांगेन की चाचांसारख्या माणसांची वर्षभराची रोजीरोटी या दोन महिन्यांवर अवलंबून असते.

पाचव्या दिवशी सकाळी साडेनऊला त्या उतारावर आम्ही धरून सात-आठ माणसे होती. मुलगी वरून निघाली, दोन वळणे घेतली, तिसऱ्याला पडली. माझा हात आपोआप माझ्या मनगटाकडे गेला. तिने इकडेतिकडे पाहिले. मागून कोणी येत नव्हते. ती सावकाश उठली, बर्फ झटकला आणि उरलेला उतार पूर्ण केला. खाली येऊन म्हणाली, "अम्मी, परत एकदा जाऊ?"

अल्हम्दुलिल्लाह, त्या दिवशी ती अकरा वेळा वर गेली.