नोकरी सांभाळून समुपदेशनाची पदवी: शिकणाऱ्यांनी आणि घरच्यांनी काय लक्षात घ्यावं?

२०२५च्या ऑगस्टमध्ये माझ्या दवाखान्यात एक शिक्षिका आल्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वय ३८. दुपारनंतर डोकं जड होतं, मान आखडते, रात्री दोनला जाग येते ती येतेच, अशी तक्रार. बी.पी. निघालं १५०/९६. याआधी कधी वाढलेलं नव्हतं.

झोप किती होते, असं विचारल्यावर आधी हसल्या. "साडेचार तास मिळाले तरी खूप, डॉक्टर." दिवसभर शाळा, संध्याकाळी घर आणि नववीतला मुलगा, पहाटे साडेतीनला उठून अभ्यास. मुक्त विद्यापीठातून मानसशास्त्रात एम.ए. करत होत्या, पुढे समुपदेशक व्हायचं म्हणून. आणि दोन दिवसांपूर्वी कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं की दूरशिक्षणातून मानसशास्त्राच्या पदव्या बंद झाल्या. "दीड वर्ष वाया गेलं का हो माझं?"

मला हा प्रश्न ऐकून पोटात गोळा आला, कारण या वाटेने मी स्वतः गेलो आहे. ओपीडीत पोटदुखी, छातीत धडधड, अंगदुखी घेऊन येणाऱ्या कितीतरी लोकांचे सगळे रिपोर्ट नॉर्मल यायचे आणि त्यांच्याशी बोलायचं कसं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. म्हणून वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, प्रॅक्टिस सांभाळून, मी हा अभ्यास केला. त्यामुळे पुढे लिहितोय त्यात थोडं वैद्यकीय आहे आणि थोडं अनुभवाचं.

नेमकं काय बंद झालं?

२०२१ साली केंद्र सरकारने आरोग्यसेवेतल्या डॉक्टर-नर्स सोडून इतर व्यावसायिकांसाठी एक कायदा केला. त्यात मानसशास्त्र आणि समुपदेशनाशी संबंधित व्यवसायही येतात. या कायद्यात येणारे अभ्यासक्रम दूरशिक्षणातून किंवा ऑनलाइन चालवू नयेत, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) ऑगस्ट २०२५मध्ये जाहीर केलं आणि जुलै-ऑगस्ट २०२५च्या सत्रापासून नवे प्रवेश थांबवले. त्यात मानसशास्त्र स्पष्टपणे लिहिलेलं आहे.

म्हणजे ज्यांना आता सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी हा रस्ता बंद आहे. तरीही "घरबसल्या एम.ए. मानसशास्त्र, १०० टक्के मान्यताप्राप्त" अशा जाहिराती दिसल्या तर पैसे भरण्याआधी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाची वेबसाइट स्वतः उघडून त्या विद्यापीठाचं आणि त्या कोर्सचं नाव तपासा. एजंटाच्या शब्दावर जाऊ नका.

आमच्या बाईंचा प्रवेश त्याआधीचा होता. सूचना नव्या प्रवेशांबद्दल होती. मी त्यांना सांगितलं, घाबरून कोर्स सोडू नका, विद्यापीठाच्या प्रादेशिक केंद्राला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. व्हॉट्सॲपवर आलेल्या बातमीने बी.पी. वाढवून घेण्यात अर्थ नव्हता. तसं ते फक्त बातमीने वाढलेलंही नव्हतं.

चोवीस तासांत हे बसतं का?

आकडेमोड करून पाहा. इग्नूचा मानसशास्त्राचा एम.ए. ६४ क्रेडिटचा. तिथे एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास धरतात. म्हणजे १,९२० तास. दोन वर्षांत पूर्ण करायचं तर आठवड्याला साधारण १८ तास. नोकरी आणि घर सांभाळून हे १८ तास येतात कुठून? झोपेतून. दुसरं कुठे काही शिल्लकच नसतं.

पण याच कोर्सला चार वर्षांपर्यंत मुदत असते. तेच तास चार वर्षांवर पसरले तर आठवड्याला नऊ होतात. हे गणित मी पेशंटला कागदावर मांडून दाखवतो. पहिल्याच प्रयत्नात सगळे पेपर द्यायचे हा हट्ट बहुतेक वेळा आपणच धरलेला असतो, विद्यापीठाने नाही.

प्रौढ माणसाला रात्री किमान सात तास झोप लागते. सतत कमी झोपलं की बी.पी. आणि साखर वाढते, अर्धशिशीचे झटके वाढतात. वाचलेलं डोक्यात पक्कं बसण्याचं कामही झोपेत होतं, म्हणजे झोप मोडून केलेला अभ्यास दुहेरी तोट्याचा. काही जणांसाठी तर जागरण धोक्याचंच आहे. फिट्स येण्याचा आजार असेल तर अपुऱ्या झोपेने फिट येऊ शकते. बायपोलर आजार असेल तर सलग दोन-तीन रात्रींचं जागरण उन्मादाचा झटका सुरू करू शकतं. अशा व्यक्तींनी परीक्षेच्या महिन्याआधीच आपल्या डॉक्टरांना भेटून वेळापत्रक ठरवावं. (आणि रात्री आठनंतरचा चहा. यावर मी जास्त बोलत नाही, कारण मलाही जमलेलं नाही.)

थकवा सगळा अभ्यासाचाच आहे असंही गृहीत धरू नका. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, साखर एकदा तपासून घ्या.

पुस्तकातला आजार घरात दिसू लागतो

एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षी मला खात्री झाली होती की मला टीबी आहे. मानेतली एक बारीकशी गाठ मी आठवडाभर चाचपत होतो. वैद्यकीय विद्यार्थ्यांमध्ये हे इतकं नेहमीचं आहे की त्यावर आम्ही विनोद करतो. मानसशास्त्र शिकताना हेच होतं, फक्त तिथे आजार स्वतःबरोबर घरच्यांनाही लागतात. नवरा आत्मकेंद्री व्यक्तिमत्त्वाचा, सासूबाई चिंतारोगी, मुलगा नक्कीच एडीएचडीचा. घरातली माणसं मग जपून बोलू लागतात.

निदान म्हणजे लक्षणांची यादी जुळवणं नव्हे. उदाहरणार्थ नैराश्य. डीएसएम-५ नुसार नऊपैकी किमान पाच लक्षणं, तीही बहुतेक दिवस, किमान दोन आठवडे हवीत; त्यातलं एक उदासपणा किंवा कशातही रस न वाटणं हे असायलाच हवं; आणि त्यामुळे रोजचं जगणं अडलेलं असायला हवं. शिवाय थायरॉइडसारखं दुसरं कारण नाही ना, हे कुणीतरी पाहावं लागतं. घरच्या माणसाला आपण इतक्या त्रयस्थपणे पाहू शकत नाही. मी माझ्या आईचं बी.पी. मोजतो, पण तिचं औषध माझा मित्र ठरवतो.

हे शिकावंसं का वाटलं?

हा प्रश्न मी बाईंना तिसऱ्या भेटीत विचारला. बराच वेळ त्या पर्सची चेन उघडबंद करत राहिल्या. धाकट्या भावाने सहा वर्षांपूर्वी आयुष्य संपवलं होतं. "मला कळायला हवं होतं, डॉक्टर. पुढच्या कुणाच्या बाबतीत तरी कळावं." दोनला जाग येणं सुरू झालं होतं ते नैराश्याचा धडा लागल्यापासून.

या अभ्यासाकडे वळणाऱ्या अनेकांच्या मागे असं काहीतरी असतं. कुणाच्या घरात दारू, कुणाचं स्वतःचं मोडलेलं लग्न. त्यात चूक काही नाही, उलट अशी माणसं मनापासून शिकतात. पण पुस्तक वाचून स्वतःची जखम बरी होत नाही, आणि ती उघडी असताना दुसऱ्याचं तसंच दुःख ऐकायला बसलं की ऐकणाराच कोसळतो. झोप उडणं, ऐकलेली गोष्ट डोळ्यांसमोर येत राहणं, माणसं टाळावीशी वाटणं ही त्याची चिन्हं. म्हणून मी त्यांना आधी स्वतः समुपदेशकाकडे पाठवलं. त्यांना ते थोडं लागलं. "शिकणाऱ्यालाच पेशंट केलंत," म्हणाल्या. पण गेल्या.

घरच्यांनी इथे एक करावं. "कशाला हा उद्योग" असं म्हणण्याऐवजी आठवड्यातली एक संध्याकाळ स्वयंपाक आणि मुलांचं बघावं. शिकणारी व्यक्ती मरणाबद्दल बोलू लागली, स्वतःला संपवावंसं वाटतं म्हणाली, तर ते अभ्यासाचं टेन्शन समजू नका. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. टेलिमानस १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

पदवी मिळाली की समुपदेशक झालो?

माझ्या अभ्यासात प्रत्यक्ष सराव होता. एका सत्राचं रेकॉर्डिंग (समोरच्याच्या परवानगीने) मी मार्गदर्शक मॅडमना ऐकवलं. त्यांनी घड्याळ लावून मोजलं. चाळीस मिनिटांपैकी सव्वीस मिनिटं मीच बोलत होतो. "डॉक्टर, तुम्ही प्रिस्क्रिप्शन दिलंत," एवढंच म्हणाल्या. हे मला कुठल्याही छापील पुस्तकातून कळलं नसतं. सिद्धांत घरी वाचता येतात. ऐकून घेणं मात्र कुणाच्या तरी देखरेखीखाली, चुका दाखवून घेत शिकावं लागतं. म्हणूनच नव्या नियमाने कितीतरी नोकरदारांची, विशेषतः लहान गावातल्या बायकांची वाट अडली याचं मला वाईट वाटतं आणि तरी त्यामागचं कारण मला पटतं.

पेशंट म्हणून तुम्हाला फरक माहीत हवा. मानसोपचारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर मानसोपचारात शिकलेले डॉक्टर, ते औषधं देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, एम.ए.मध्ये 'क्लिनिकल' हा विषय घेतला म्हणून ती मिळत नाही. समुपदेशकांच्या नोंदणीची व्यवस्था नव्या कायद्याखाली अजून उभी राहते आहे, त्यामुळे पाटीवरून पारख होत नाही. बेधडक विचारा: देखरेखीखाली किती काम केलंत? अजूनही कुणाचा सल्ला घेता का? माझा त्रास तुमच्या आवाक्याबाहेर गेला तर कुणाकडे पाठवाल? तिसऱ्या प्रश्नाला चटकन नाव सांगणारा समुपदेशक मला आवडतो, त्याची पदवी दूरशिक्षणाची असली तरी. औषधं बंद करा म्हणणाऱ्याकडे मात्र दुसऱ्यांदा जाऊ नका. कानात आवाज येणं, टोकाचे संशय, खाणंपिणं सुटणं यात आधी मानसोपचारतज्ज्ञच.

बाईंचं बी.पी. मी एका मोजमापावर ठरवलं नाही. आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ मोजायला सांगितलं. सरासरी १३५/८५च्या वर राहिली तेव्हा गोळी सुरू केली. डिसेंबरच्या परीक्षेला त्यांनी चारऐवजी दोनच पेपर दिले. आता दर शनिवारी दुपारी त्या एका रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात इंटर्नशिपला जातात आणि पहाटे साडेपाचला उठतात. मागच्या खेपेला बी.पी. १२८/८२ होतं. गोळी अजून चालू आहे, थांबवायची का ते पुढच्या महिन्यात त्यांची वही बघून ठरवू.