माळ्यावरची आवराआवर

नाशिक शहरी गोदावरीच्या पात्रात दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती आहे. पावसाळ्यात नदीला पूर आला की नाशिककर एकमेकांना प्रथम हेच विचारतात, "पाणी मारुतीच्या कुठवर आले?" पाणी गुडघ्यांवर गेले, कमरेला लागले, छातीपर्यंत चढले, अशी वार्ता गावभर फिरते. त्याहूनही ते वर जाऊ लागले, म्हणजे काठालगतच्या सराफ बाजारात, भांडी बाजारात आणि आसपासच्या जुन्या घरांत एकच धावपळ उडते. धान्याची पोती, अंथरुणे, वह्या-पुस्तके वर चढवावी लागतात. सप्टेंबर १९६९ मधील महापुराच्या गोष्टी वृद्ध माणसे अजूनही सांगतात. त्यानंतर २००८ मध्ये आणि २ ऑगस्ट २०१६ रोजीही पाणी असेच बाजारपेठेत शिरले होते.

अशा प्रसंगी घरातील माळ्याची खरी परीक्षा होते. माळा म्हणजे छताखाली फळ्या टाकून केलेली बुटकी जागा. तेथे मोठ्या माणसाला ताठ उभे राहता येत नाही. परंतु चार पोती सहज मावतात. मात्र ती जागा मोकळी असावी लागते, आणि बहुतेक घरांत ती मोकळी नसते. काच फुटलेला कंदील, एक पाय मोडलेला पाट, बिनझाकणाचे डबे, गळकी बादली, छत्र्यांच्या काड्या, रद्दीचे गठ्ठे अशा वस्तूंनी माळा भरून गेलेला असतो. यांतील एकही वस्तू तेथे कोणी विचारपूर्वक ठेवलेली नसते. "असू दे, लागेल कधीतरी," एवढे म्हणून ती वर टाकलेली असते. तो 'कधीतरी' सहसा उगवत नाही. आणि उगवलाच, तर नेमकी तीच वस्तू त्या अडगळीत सापडत नाही!

म्हणूनच भाद्रपद संपत आला की घटस्थापनेपूर्वी घर आवरण्याची रीत महाराष्ट्रात पडली आहे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत भिंतींना ओल येते, कपड्यांना कुबट वास लागतो, कागदांना कसर आणि लाकडाला वाळवी लागण्याचे भय असते. आश्विनातील कडक ऊन या सर्वांवरचा उत्तम उपाय होय. माळा उतरवण्याचे काम मुलांना विशेष आवडते, कारण त्यांना तेथे वाकावे लागत नाही. एकाने शिडीवर चढून वस्तू खाली द्यावी, दुसऱ्याने ती झेलावी, तिसऱ्याने अंगणात उन्हात मांडावी. पहिल्या तासाभरात घर आवरल्यासारखे न दिसता उधळल्यासारखे दिसू लागते. नवख्या माणसाचा धीर तेथेच सुटतो. जाणती गृहिणी मात्र पदर खोचून पुढच्या कामाला लागते.

पुढचे काम म्हणजे प्रत्येक वस्तूचा मार्ग ठरवणे. नाशिकची तांब्यापितळेची भांडी पूर्वीपासून प्रसिद्ध आहेत. माळ्यावरून उतरलेला काळवंडलेला हंडा निरुपयोगी वाटतो. पण हवेतील ओलाव्यामुळे धातूवर चढलेले ते केवळ एक पुट असते. चिंचेतील आम्ल ते पुट विरघळवते आणि खालचा धातू उजळ दिसू लागतो. पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवल्यास तो कळकतो. यासाठी आतून कथिलाचा पातळ थर देतात, त्यालाच कल्हई म्हणतात. कल्हई उडालेले भांडे टाकून न देता पुन्हा कल्हई करून घ्यावे. तळच फाटला असेल, तर ते मोडीत द्यावे. मोडीचे पितळ वितळवून त्याचेच पुन्हा नवे भांडे होते.

कपड्यांची वाट निराळी. मऊ झालेली जुनी लुगडी आणि धोतरे एकावर एक अंथरून, धावदोरा घालून गोधडी शिवतात. तिच्यासारखी ऊब नव्या पांघरुणालाही क्वचितच असते. धडके कपडे बोहारीण घेते. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन ती दारोदार फिरे, आणि जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देई. एका पातेल्यासाठी किती लुगडी द्यायची, यावर उंबऱ्यात घटकाभर घासाघीस चाले. आता ती पूर्वीइतकी दिसत नाही, तरी तिचा व्यवहार अगदीच बंद पडलेला नाही.

कागदांचा गठ्ठा हाती आला म्हणजे मात्र हात आवरावा. येथे घाई घातक ठरते. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या घरी यात्रेकरूंच्या नावांच्या वह्या पिढ्यानपिढ्या जपलेल्या असतात. कोणाचे पणजोबा कोणत्या साली गोदास्नानासाठी आले होते, हे त्यांत सापडते. सर्वच घरांना असे भान नव्हते. मोडी अक्षर वाचता येईनासे झाले, तसे कित्येक दप्तरांचे गठ्ठे रद्दीत गेले. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी गावोगाव हिंडून असे कागद मिळवले आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाने त्यांचे बावीस खंड प्रसिद्ध केले. तेवढे कागद वाचले. जे चुलीत गेले, त्यांत काय होते हे आता कोण सांगणार?

घर असे उलथेपालथे करण्याची चाल इतर देशांतही आहे. जपानात वर्षाच्या अखेरीस घरे आणि शाळा झाडून-पुसून लख्ख करतात. इराणमध्ये नवरोजपूर्वीच्या सफाईला जे नाव आहे, त्याचा शब्दशः अर्थ 'घर हलवणे' असा होतो. नाशिकच्या अंगणात आश्विनाच्या तोंडावर जे दिसते, त्यालाही हे नाव शोभेल.

सायंकाळी माळ्याच्या फळ्यांवरून केरसुणी फिरते. जे ठेवायचे ते मोजकेच पुन्हा वर जाते: सणाची मोठी पातेली, कागदांची बांधलेली पेटी आणि घरातील तीन पिढ्या ज्यात झोपल्या तो लाकडी पाळणा. पाळण्याची दोरी तुटलेली असते. पण आजी तो मोडीत काढू देत नाही आणि तिच्याशी कोणी वादही घालत नाही. बाकीच्या फळ्या मोकळ्या राहतात. कोठे काय आहे, हे आता घरातील लहान मूलही अंधारात सांगू शकते. दुसऱ्या दिवशी काही काम नसतानाही मुले शिडीवर चढतात, मान वर काढून तो रिकामा माळा पाहतात आणि पुन्हा खाली उतरतात.